स्वस्थ बसणें हेंही कर्मच

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले होते. नोकरींतून निवृत्त होऊन त्यांस दोन वर्षें झालीं. घरीं दोन मुलगे, सुना, नातवंडें असा भरला संसार आहे. बोलतां बोलतां ते म्हणाले, "मास्तर, आम्हीं आतां सर्वांतून अंग काढून घेतलें आहे. कोणाच्या अध्यांत नाहीं कीं मध्यांत नाहीं. घरांत तंटा झाला तरी आम्ही जपमाळ घेऊन स्वस्थ बसतों. गीतेंत ज्याला अकर्म म्हटलें आहे, तें हेंच ना?"

त्या वेळीं आम्हीं त्यांस नीट उत्तर दिलें नाहीं. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, ते उठून गेले. परंतु प्रश्न मनांतून जाईना. आमच्या वयाच्या पुष्कळ गृहस्थांस हा प्रश्न पडतो, आणि त्यांतील बहुतेकांनीं त्याचें सोयीचें उत्तर आधींच ठरवून ठेविलेलें असतें. आम्हीही एके काळीं त्यांतलेच होतों. म्हणून या वेळीं वाचकांपुढें हाच विषय मांडीत आहों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. शिक्षकाची ती संवयच आहे. 'अकर्म' हा नञ्समास. या 'अ'चे वैयाकरणांनीं सहा अर्थ सांगितले आहेत. 'अपाप' म्हणजे पापाचा अभाव. 'अनश्व' म्हणजे घोड्याहून निराळा असा दुसरा प्राणी. 'अधर्म' म्हणजे मात्र धर्माचा नुसता अभाव नव्हे, तर धर्माच्या उलट असें कांहीं. तेव्हां 'अकर्म' म्हणजे केवळ 'कांहीं न करणें' असें धरून चालण्यास व्याकरणाचाही पुरता आधार नाहीं. गीतेच्या चौथ्या अध्यायांत भगवंतांनीं कर्म, विकर्म आणि अकर्म अशीं तिन्हीं नांवें एकत्र घेतलीं आहेत, आणि या बाबतींत शहाणेसुद्धां गोंधळतात असा इशाराही देऊन ठेविला आहे. त्यानंतरचें त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याला कर्मांत अकर्म दिसतें आणि अकर्मांत कर्म दिसतें, तोच मनुष्यांत खरा बुद्धिमान. यांतील पहिल्या अर्ध्यावर आपल्याकडे प्रवचनें पुष्कळ होतात. दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे न करण्यांत दडलेल्या करण्याकडे, तितकें लक्ष जात नाहीं. आम्हांस आज विशेषेंकरून त्याविषयींच बोलावयाचें आहे.

हा दुसरा अर्धा कळण्यास आपल्या घरापलीकडे जाण्याचें कारण नाहीं. आषाढी एकादशीचा दिवस घ्या. घरांत चार माणसें दुपारपर्यंत जेवलेलीं नाहींत. आजीनें व्रताचा संकल्प केला आहे. नातवाला ताप आहे, त्याला अन्न नकोसें झालें आहे. धाकटे चिरंजीव वडिलांशीं वाद घालून रुसून बसले आहेत. आणि सून सकाळपासून कोणासाठीं साबुदाणा, कोणासाठीं वरी, तर मुलांसाठीं वरणभात करून वाढीत आहे. तिच्या पानाची आठवण अजून कोणासच झालेली नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास चारही ठिकाणीं 'न जेवणें' ही एकच क्रिया, किंबहुना क्रियेचा एकच अभाव दिसेल. परंतु आजीचें न जेवणें हें व्रत आहे, नातवाचा तो आजार आहे, चिरंजीवांचा तो राग आहे, आणि सुनेच्या न जेवण्याचें कर्म तर तिचें नाहींच. तें जेवून उठलेल्या बाकीच्या सर्वांचें आहे.

आजीच्या उपवासासारख्या 'न करण्या'चा मीमांसकांनीं फार बारकाईनें विचार केला आहे. लौगाक्षिभास्करांच्या अर्थसंग्रहांत आणि आपदेवांच्या मीमांसान्यायप्रकाशांत प्रजापतिव्रताचें उदाहरण येतें. उगवत्या सूर्याकडे व्रतस्थानें पाहूं नये असें तें व्रत आहे. येथें शंका अशी कीं, न पाहणें हा तर नुसता अभाव. त्याला व्रत कसें म्हणावें? मीमांसक उत्तर देतात कीं, त्या प्रकरणाचा आरंभच मुळीं 'याचीं व्रतें' अशा अर्थाच्या शब्दांनीं होतो, आणि व्रत म्हणजे कांहींतरी अनुष्ठान करावयाची गोष्ट. म्हणून 'पाहूं नये' याचा अर्थ 'न पाहण्याचा संकल्प करावा' असा घेतला पाहिजे. तो संकल्प ही मनाची खरीखुरी क्रिया आहे. ज्याचे डोळेच मिटलेले आहेत किंवा जो उशिरां उठला, त्याला सूर्य दिसला नाहीं एवढेंच. त्याच्या हातून व्रत घडलें नाहीं. तात्पर्य, डोळा हलला नाहीं तरी मन हललेलें असतें, आणि कर्म तेथें घडतें.

श्रीमच्छंकराचार्यांनीं गीताभाष्यांत हाच धागा पुढें नेला आहे. त्यांचा दृष्टांत मोठा मार्मिक आहे. नावेंत बसलेल्यास तीरावरचीं झाडें उलट दिशेनें पळतांना दिसतात, वास्तविक तीं जागचीं हललेलीं नसतात. आणि फार दूरचें माणूस चालत असलें तरी स्थिर उभें आहे असा भास होतो. ज्ञानेश्वर महाराजांनींही नावेचा दृष्टांत घेतलाच आहे. आपण गतीच्या ठिकाणीं स्थिरता आणि स्थिरतेच्या ठिकाणीं गति पाहतों, तसेंच कर्म आणि अकर्म यांविषयींही आपलें उलट होतें. आचार्यांच्या मतें शरीराचे व्यापार थांबविणें हेंही शरीराचेंच वर्तन आहे. आपण तें आत्म्यावर लादतों, आणि आतां आपण कांहीं न करितां सुखांत आहों असें मानूं लागतों. हें मानणें हाच अहंकार. आणि जेथें अहंकार आहे तेथें कर्म आहे, मग हात जोडलेले असोत कीं पसरलेले असोत.

महाभारताच्या शांतिपर्वांत, मोक्षधर्मांत, जाजलि नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. तो अरण्यांत खांबासारखा निश्चल उभा राही. इतका निश्चल कीं, एका पक्ष्यांच्या जोडप्यानें त्याच्या जटांत घरटें बांधिलें. जाजलि दयाळू होता. तो हलला नाहीं. अंडीं घातलीं गेलीं, पिलें झालीं, त्यांस पंख फुटले, तीं उडून जाऊं लागलीं आणि शेवटीं महिनाभर परत आलीं नाहींत, तेव्हां जाजलीनें आनंदानें दंड थोपटले आणि आपण धर्म मिळविला असें मोठ्यानें म्हटलें. त्याच क्षणीं आकाशवाणी झाली कीं, वाराणसींतील तुलाधाराची सर तुला नाहीं, आणि तुझ्यासारखें बोलणें तुलाधारालाही शोभलें नसतें. जाजलि रागावून वाराणसीस गेला. तेथें तुलाधार दुकानांत बसून गिऱ्हाइकांस माल तोलून देत होता. त्यानें आल्याआल्या जाजलीला त्याच्याच जटांतील पक्ष्यांची हकीकत सांगितली, आणि आपला धर्म काय तोही सांगितला. त्याचा आशय एवढाच कीं, माझा तराजू सर्वांस सारखा आहे, कोणाशीं माझें वैर नाहीं आणि कोणाचें नुकसान करून मी जगत नाहीं.

या कथेंत सर्व विषय आला आहे. जाजलीच्या देहाची एक शीर हलली नाहीं, तरी शेवटीं तें न हलणें त्याच्या नांवावर जमा झालें, कारण त्यानें तें आपल्या हातानें जमा करून घेतलें. तुलाधाराचा हात दिवसभर हलत होता, पारडीं वरखालीं होत होतीं, पण तराजूचा कांटा जसा मध्यावर, तसें त्याचें मन होतें. जाजलीच्या अकर्मांत कर्म होतें. तुलाधाराच्या कर्मांत अकर्म होतें. आणि हें मत सांगण्यास व्यासांनीं निवडला तो एक दुकानदार, हेंही आपल्यासारख्या संसारी माणसांनीं विसरूं नये.

आतां याहून कठीण गोष्ट. कांहीं वेळां न करण्याचा परिणाम आपल्यावर होत नाहीं, दुसऱ्यावर होतो. द्यूतसभेंत द्रौपदीनें प्रश्न विचारला कीं, जो आधीं स्वतःला हरला त्याला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? सभेंत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. भीष्मांनीं धर्म सूक्ष्म आहे एवढें सांगून निर्णय टाळला. कौरवांपैकीं धाकटा विकर्ण तेवढा उभा राहून बोलला, आणि कर्णानें त्याला गप्प केलें. त्या वेळीं विदुरानें प्रल्हाद आणि सुधन्वा यांची जुनी कथा सांगितली. तींत कश्यपांनीं पापाची वांटणी करून दिली आहे. जेथें निंद्य गोष्टीची निंदा होत नाहीं, तेथें अर्धें पाप सभेच्या प्रमुखाकडे जातें, पाव करणाऱ्याकडे, आणि उरलेलें पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे. हिशेब पाहावा. प्रत्यक्ष करणाऱ्याचा वांटा एक चतुर्थांश, आणि न करणाऱ्यांचा, प्रमुख धरून, तीन चतुर्थांश!

हा हिशेब आम्हीं वर्गांत मुलांस अनेक वेळां शिकविला. त्यांतील आमचा वांटा मात्र आम्हीं पुष्कळ वर्षें उचलला नव्हता. आम्ही नोकरींत असतां एका वर्षीं वर्गाच्या फीचे पैसे नाहींसे झाले. संशय एका गरीब मुलावर आला. त्या तासाला तो वर्गाबाहेर होता एवढाच पुरावा. शिक्षकांची सभा भरली, मुलाला दाराशीं उभें केलें. तो त्या तासाला कोठें होता हें आम्हांस ठाऊक होतें. तो आमच्यापुढें शाळेच्या मागच्या ओसरीवर बसून शब्दरूपावली म्हणून दाखवीत होता, कारण पुढच्या महिन्यांत त्याची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. परंतु मुख्याध्यापक संतापलेले होते, आमची बढती त्यांच्या हातीं होती, आणि तासाच्या वेळीं मुलाला ओसरीवर बोलावल्याबद्दल आम्हांसही बोल लागला असता. मुलानें एकदां आमच्याकडे पाहिलें. आम्ही टेबलाकडे पाहत राहिलों. मुलाचें नांव शाळेंतून काढण्यांत आलें. त्या दिवशीं सायंकाळीं संध्येस बसल्यावर आम्हीं मनाशीं म्हटलें, आपण तर कांहीं केलें नाहीं. आपण अलिप्त राहिलों.

चार महिन्यांनीं कपाट रंगवावयास हलविलें तेव्हां पैशांचें पाकीट भिंतीच्या फटींत सांपडलें. तोंवर तें कुटुंब गांव सोडून गेलें होतें.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, निवृत्त झाल्यावर, एका शहरांत पुस्तकबांधणीच्या एका लहान दुकानांत आम्ही जुनी ज्ञानेश्वरी बांधावयास घेऊन गेलों. दुकानाच्या मालकानें आम्हांस ओळखलें आणि उठून नमस्कार केला. तोच तो मुलगा. आम्हांस तो नमस्कार घेववेना. उभ्याउभ्याच आम्हीं त्याला सर्व सांगितलें, बढतीची गोष्टही लपविली नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं. दुकानांतील पोराला त्यानें चहा आणावयास पाठविलें आणि आमच्यासाठीं स्टूल पुढें केलें. त्या दिवशीं दोन मौनें आम्हीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. सभेंतील आमचें मौन स्वतःस वांचविण्यासाठीं होतें. त्याचें मौन आम्हांस वांचविण्यासाठीं होतें. शब्द दोघांनींही उच्चारला नव्हता.

मग न करण्याची पारख कशी करावी? अठराव्या अध्यायांत त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहानें कर्तव्य सोडणें हा तामस त्याग. देहाला कष्ट होतील या भयानें सोडणें हा राजस त्याग, आणि अशा त्यागाचें फळ मिळत नाहीं. सात्त्विक त्याग कोणता? तर कर्तव्य करीत राहून त्यांतील आसक्ति आणि फळ सोडणें. वाचकांनीं येथें थोडें थांबावें. तिसऱ्या प्रकारांत काम सुटलेलेंच नाहीं! कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून रथांत बसलेल्या अर्जुनाची वृत्ति बाहेरून संन्याशाची दिसत होती. भगवंतांनीं तिला संन्यास म्हटलें नाहीं, कारण तिच्या मुळाशीं परक्यांविषयीं करुणा नव्हती, तर स्वजनांविषयीं मोह होता.

ज्ञान झाल्यावर तरी कर्म सुटतें कीं नाहीं, यावर थोरांत मतभेद आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. आचार्यांच्या मतें कर्म चित्तशुद्धीसाठीं आवश्यक आहे. ज्ञान झाल्यावर मात्र कर्तृत्वच उरत नसल्यानें कर्म आपोआप गळून पडतें. लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले येथें ठेविलें होतें. तेथें १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं पेन्सिलीनें गीतारहस्य लिहिलें, आणि तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांचें मत असें कीं, ज्ञान्यानेंही लोकसंग्रहासाठीं कर्म मरेपर्यंत केलें पाहिजे. जनकानें केलें, आणि ज्याला त्रैलोक्यांत मिळवावयाचें कांहीं उरलें नाहीं तो श्रीकृष्णही करीत राहिला. विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं, तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. त्यांत त्यांनीं 'विकर्म' या शब्दाचा रूढ अर्थ सोडून 'विशेष कर्म', म्हणजे बाहेरच्या कामास मनाची जोड, असा अर्थ केला. काम आणि मन असें एकत्र आलें म्हणजे कामाचा भार वाटेनासा होतो, आणि तेंच अकर्म, असा त्यांचा आशय.

कोणाचें मत घ्यावें? आमचें नम्र मत असें कीं, आपल्यासारख्यांस या वादाचा निकाल लावण्याची घाई नाहीं. हा वाद ज्ञान झालेल्यांविषयीं आहे. ज्यांस तें झालेलें नाहीं त्यांनीं कर्तव्य टाकूं नये, याविषयीं आचार्य, लोकमान्य आणि विनोबा या तिघांचें एकमत आहे. आम्ही त्या 'झालेलें नाहीं' वर्गांतले आहों हें मान्य केलें कीं, आपल्यापुरता प्रश्न सुटला.

याचा अर्थ म्हातारपणीं पुन्हां घराच्या किल्ल्या कमरेला लावाव्यात आणि सुनेनें भाजी कोणती आणावी यांत लक्ष घालावें असा मुळींच नाहीं. अधिकार सोडावा, तो सोडणें हाच वानप्रस्थाचा अर्थ. परंतु अधिकार सोडणें निराळें आणि जबाबदारी सोडणें निराळें. कित्येक घरांत वडीलधारे नेमकें उलट करितात. अधिकार घट्ट धरितात आणि जबाबदारीला निवृत्ति म्हणतात. स्वस्थ बसावेंसें वाटेल तेव्हां मनाला दोन प्रश्न विचारावे. माझ्या न करण्याचा भार कोणाच्या डोक्यावर जाणार आहे? आणि न करून मी काय वांचवीत आहें? भार कोणावरच जात नसेल, आणि वांचत असेल तो केवळ आपला अहंकाराचा हट्ट नव्हे अशी खात्री असेल, तर खुशाल स्वस्थ बसावें. तें बसणें शोभेल. पण दोन भावांच्या वाटणींत एकावर अन्याय होत आहे, आणि खरें काय तें केवळ आपणांस ठाऊक आहे, अशा वेळीं जपमाळ हातीं घेतली, तर ती माळ प्रत्येक मण्याबरोबर आपलें कर्मच मोजीत असते.

आणि ज्यांस करणें फार आवडतें अशा तरुण वाचकांसही एक शब्द. धांवपळ म्हणजे कर्मयोग नव्हे. तुलाधार दिवसभर तोलत होता, पण तोलतांना कोणास कमी दिलें नाहीं. हातांतील काम सरळ व्हावें, त्याचा डांगोरा पिटूं नये, आणि काम झाल्यावर तें आपलें म्हणून उराशीं धरूं नये, इतकें साधलें तरी पुष्कळ.

आमचे स्नेही परवां पुन्हां आले होते. आम्हीं त्यांस हें सर्व सांगितलें. शाळेची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठतांना म्हणाले, "मास्तर, घरच्या तंट्यांत धाकट्याचें बरोबर आहे. मोठ्याला राग येईल, पण सांगावें लागेल." आम्ही म्हटलें, "रागावला तर रागावूं द्या. जप रात्रीं करा."

येत्या एकादशीस वाचकांनीं एवढें तरी करावें. फराळास बसण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें कीं, तेथें कोणी न जेवतां उभें तर नाहीं ना. असल्यास पहिलें पान तेथें वाढावें. व्रताला त्यानें बाध येणार नाहीं.